दुसऱ्या सहीचा रकाना

बापूसो मगदूम यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तांबडा रंग होता. तो कधी निघाला नाही. चौतीस वर्षं त्यांनी शिरोलीच्या एका कारखान्यात नग तपासले. खराब निघालेल्या नगावर तांबडी रेघ ओढायची, म्हणजे तो भंगारात जातो. रेघेसाठी ब्रश मिळायचा. बापूसोंना बोटच बरं वाटायचं.

"लग्नात हळद लागली तवाबी ह्यांचं बोट तांबडंच," राजमती सांगत. "माझा बा म्हणला, पावणं लई पान खात्यात वाटतं."

मंगळवार पेठेत एका बोळाच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. मूळ गाव कोडोली. बापूसो दहावी झाले, आयटीआय केलं आणि तपासणी खात्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. काम तसं सोपं. ओतीव लोखंडाचा नग यायचा, मध्ये भोक. हातात पोलादी गेज. गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बस्स. पण बापूसो गेजवर थांबत नसत. गेज झाला की नग बोटावर लटकवायचे, लहान हातोडीनं एक टोला मारायचे आणि कान द्यायचे. आवाज बद्द आला, की पोटात पोकळी. माप बरोबर, माल खोटा. असा नग सापडला की ते खूश व्हायचे. सोबतचे लोक चिडायचे.

"बापूसो, गेज पास झाला न्हवं? सोड की आता."

"गेज पास झाला. नग न्हाय झाला."

कारखान्यात एक पद्धत होती. प्रत्येक लॉटच्या कागदावर दोन सह्या. पहिली तपासणाऱ्याची. दुसरी, त्याच्या मागून पाहणाऱ्याची. दुसरी सही म्हणजे, मीही पाहिलं, मलाही खोट दिसली नाही. बापूसोंनी दुसऱ्याच्या कागदावर न पाहता कधी सही केली नाही. एकदा साहेबांनी नुसताच कागद पुढे केला. बापूसोंनी पेन खिशातून काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं आणि खिशात ठेवलं. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. राजमती बोलत. "पेनाचं टोपण लई म्हाग पडलं आमास्नी," म्हणत.

दोन हजार तेरा साली ते निवृत्त झाले. पहिले चार महिने दारातल्या खुर्चीत बसून होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला "या पावणं" म्हणत आणि गप्प होत. जेवण कमी झालं. दुधाच्या पिशवीवर बोट आपटून आवाज ऐकत. राजमतींनी हे शेजारच्या चौगुल्यांच्या अनेकांतला सांगितलं. अनेकांत तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता, विषय गणित. तो बापूसोंना आण्णा म्हणायचा आणि त्यांच्या घरात स्वतःच्या घरासारखा वावरायचा. चपला कुठेही, पाणी स्वतःच्या हातानं, चहा स्टीलच्या फुलपात्रात.

एका गुरुवारी तो खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"आण्णा, मूळ संख्यांचाबी एक गेज असतोय."

"कसला गेज?"

"मूळ संख्या म्हंजे ठावं हाय न्हवं? एक आणि ती स्वतः सोडली तर जिला कशानंच भाग जात न्हाय ती."

"सात, अकरा, तेरा. शिकीव मला."

"मोठी संख्या असली तर भाग लावत कुठं बसायचं? तर गेज लावायचा. संख्येपेक्षा एक कमी इतके दोन घ्यायचे आणि एकमेकांशी गुणायचे. आलं त्याला संख्येनं भागायचं. बाकी एक उरली, नग पास. सातासाठी सहा दोन. चौसष्ट. सात नव्वे त्रेसष्ट. बाकी एक. प्रत्येक मूळ संख्या पास होतेच. दोन तेवढा सोडा."

बापूसो सरळ बसले. "आणि खोटा नग पास हुतो काय?"

अनेकांत हसला. त्याला हाच प्रश्न हवा होता. "तीनशे एकेचाळीस. अकरा गुणिले एकतीस. करून बघा."

बापूसोंनी करून पाहिलं. दहा दोन म्हणजे एक हजार चोवीस. तीनशे एकेचाळीस त्रिक एक हजार तेवीस. बाकी एक. दहा दोनांनी बाकी एक, म्हणजे तीनशे चाळीस दोनांनीही एकच. गेज पास. पोटात मात्र अकरा आणि एकतीस. त्यांनी तांबडं बोट कागदावर ठेवलं आणि खूप वेळ उचललं नाही.

त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जेवले. राजमतींनी अनेकांतच्या आईला जाऊन सांगितलं, तुझ्या पोरानं माझा संसार वाचवला.

पुढच्या वर्षांत बापूसोंनी खोट्या संख्या गोळा केल्या. गेजमधून पास होणाऱ्या, पण मूळ नसलेल्या. कारखान्यात असायचं तसं रजिस्टर त्यांनी आखून घेतलं. तारीख, नग, बाकी, शेरा, पहिली सही, दुसरी सही. दुसऱ्या सहीचा रकाना अनेकांतचा. दर गुरुवारी पाच वाजता तो यायचा, आठवड्याचं काम डोळ्याखालून घालायचा, दोन-चार आकडे स्वतः करून बघायचा आणि सही करायचा. एम.एस्सी. करताना तो यायचा, पुढे कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही यायचा. बापूसोंना त्या सहीचं फार अप्रूप होतं. पान भरलं की ते रकान्यावरून अंगठा फिरवत.

दहा हजारांच्या आत त्यांना बावीस खोट्या सापडल्या. तीनशे एकेचाळीस, पाचशे एकसष्ट, सहाशे पंचेचाळीस... प्रत्येकीचं पोट फाडून त्यांनी आतल्या मूळ संख्या शेजारी लिहिल्या. मग एकदा भाकरी मोडता मोडता ते थांबले.

"अगं, एकीच्याबी पोटात तीच संख्या दोनदा न्हाय."

"कुणाच्या पोटात?" राजमती म्हणाल्या.

"खोट्यांच्या. तीन आलाय तर एकदाच. पाच आलाय तर एकदाच. नवानं भाग जाईल, पंचविसानं जाईल, अशी एकबी न्हाय."

"जुळं न्हाय म्हणा की."

"व्हय. जुळं न्हाय."

अनेकांतला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यानं यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. मग म्हणाला, "आण्णा, तुम्ही लई भारी ठिकाणी आलाय." त्यानं त्यांना वाट दाखवली. खोट्या संख्येत एखादी मूळ संख्या दोनदा यायची असेल, तर त्या मूळ संख्येचा वर्ग स्वतःच गेजमधून पास व्हावा लागतो. म्हणजे सगळ्या खोट्या तपासत बसायला नको. मूळ संख्यांचे वर्ग तेवढे तपासायचे. तीनाचा वर्ग नऊ, बाकी चार. नापास. पाचाचा पंचवीस, बाकी सोळा. नापास. साताचा एकोणपन्नास, बाकी पंधरा. नापास. बापूसोंना इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. एरवी ते खोट शोधत. इथे प्रत्येक नापास नग त्यांच्या बाजूनं उभा राहत होता.

बारा आकड्यांचा कॅल्क्युलेटर, ठळक बटणांचा. एका वर्गाला पाऊण तास. प्रत्येक दोनदा. तीनापासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंत एकशे सदुसष्ट मूळ संख्या. एकीचाही वर्ग पास झाला नाही. अनेकांतनं कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून यादीही काढून आणली. दहा लाखांच्या आतल्या सगळ्या खोट्या, दोनशे पंचेचाळीस. बापूसोंनी एकेक पाहिली. जुळं कुठेच नाही.

मग त्यांनी एक हजार नऊ घेतली. वर्ग दहा लाखांच्या वर गेला आणि गुणाकार कॅल्क्युलेटरमध्ये मावेना. पडद्यावर नुसता एक इंग्रजी ई उमटला.

"कागदावर करतो पुढं," बापूसो म्हणाले.

"कशाला आण्णा?" अनेकांत रजिस्टरवर वाकला होता. "दोन हजारांचा लॉट आला तर तुम्ही किती नग बघत होता?"

"सव्वाशे."

"सव्वाशे चांगले निघाले की?"

"लॉट पास."

"मग इथं तर एकशे सदुसष्ट झाले."

बापूसो हसले. हा पोरगा आपली भाषा बोलतो, याचंच त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी शेवटच्या ओळीत लिहिलं, 'खोट्या संख्येला कोणत्याही मूळ संख्येच्या वर्गाने भाग जात नाही. लॉट पास.' खाली पहिली सही केली. अनेकांतनं दुसरी केली. तारीख टाकली. आठ जून दोन हजार सतरा.

नियमाला नाव काय द्यायचं, तर बापूसो म्हणाले, राजमती.

"माझं कशाला?" राजमती स्वयंपाकघरातून ओरडल्या. "बारसं हाय व्हय त्येचं?" पण संध्याकाळी त्यांनी खीर केली.

सात वर्षं तो नियम त्या घरात राहिला. आलेल्या पाहुण्याला बापूसो रजिस्टर दाखवत. पाहुण्याला कळत नसे. तो दोन सह्या बघून मान हलवी.

या डिसेंबरात अनेकांतच्या विभागानं गणित दिनाला बापूसोंचा सत्कार ठरवला. रविवारी, बावीस तारखेला, सकाळी दहा वाजता. कार्ड छापून आलं. 'राजमती नियमाचे जनक' असं त्यावर होतं. राजमतींनी ते कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर उभं केलं आणि पुतणीला फोन करून सांगितलं, "माझं नाव कॉलेजात गेलं, मी न्हाय गेले."

मंगळवारी दुपारी आदिती आली. अनेकांतची विद्यार्थिनी, दुसऱ्या वर्षाची. बॅनरसाठी फोटो हवा होता. तिनं दारात स्कूटी लावली, आत येऊन पाया पडली आणि मोबाइल काढत हसून विचारलं,

"आजोबा, तुम्हीच ना ते एक हजार त्र्याण्णववाले?"

"कसलं त्र्याण्णव?"

"असं काय ओ! सर दर वर्षी पहिल्याच तासाला सांगतात. आमच्या ग्रुपचं नावपण तेच हाय, वन झिरो नाइन थ्री. थोडं उजेडाकडं बघा. हं."

"काय सांगत्यात सर?"

"तेच की. नऊशे सत्त्याण्णवपर्यंत सगळं तपासलं, लॉट पास केला, आणि तिथनं पंधराव्या पायरीला..." ती थांबली. बापूसोंचा चेहरा तिला मोबाइलमध्ये दिसत होता. तिनं मोबाइल खाली घेतला. "आजोबा, तुम्हाला माहीत आहे ना?"

"पंधराव्या पायरीला काय?"

"सर म्हणाले तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सगळ्यांना हसून सांगता म्हणाले."

आदितीनं राजमतींकडे पाहिलं. राजमती हातातला पोह्याचा डबा तसाच धरून उभ्या होत्या.

"मी जाते," आदिती म्हणाली. जाताना पाया पडायचं विसरली. पुन्हा आत आली, पडली आणि गेली.

बापूसोंनी पाठकोरे कागद काढले. पेन्सिलीला टोक केलं. एक हजार त्र्याण्णवचा वर्ग. अकरा लाख चौऱ्याण्णव हजार सहाशे एकोणपन्नास. कॅल्क्युलेटरकडे त्यांनी पाहिलं नाही. दोनाचा वर्ग, त्याचा वर्ग, लागेल तिथे दुप्पट, पुढे पुढे. आकडा मोठा झाला की भागायचं, बाकी ठेवायची, बाकीचा वर्ग करायचा. एक हजार ब्याण्णव दोनांनी बाकी एक आली, की अकरा लाखांवरच्या सगळ्या दोनांनीही एकच; म्हणून दहाच पायऱ्या होत्या. मधल्या एका पायरीला हातचा चुकला, ती सगळी पुन्हा केली. राजमतींनी चहा ठेवला. त्यावर साय धरली.

नवव्या पायरीला बाकी आली अकरा लाख चौऱ्याण्णव हजार सहाशे अठ्ठेचाळीस. संख्येपेक्षा बरोबर एक कमी.

बापूसोंचा हात थांबला. एक कमी असलेल्या बाकीचा वर्ग केला की काय उरतं, हे त्यांना पाठ होतं. तीन वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? शेवटची पायरी लिहायची गरज नव्हती. पण तपासणाऱ्यानं शेवटची पायरी सोडायची नसते. त्यांनी गुणाकार मांडला. पूर्ण केला. भागला.

बाकी एक.

अकरा लाख चौऱ्याण्णव हजार सहाशे एकोणपन्नास ही खोटी संख्या होती. गेज पास. तिच्या पोटात एक हजार त्र्याण्णव दोनदा होती. जुळं.

"काय झालं?" राजमतींनी विचारलं.

"नियम मोडला."

"कधी?"

तोच प्रश्न बापूसोंच्याही मनात होता. त्यांनी कपाटातून ती कॉम्प्युटरची यादी काढली. दोनशे पंचेचाळीस आकडे, शेवटचा दहा लाखांच्या जरा अलीकडे. खाली अर्धं पान कोरं. यंत्राला काय ओझं होतं? बारा लाख म्हटलं असतं तर बारा लाखांपर्यंत छापलं असतं. यादी कुणीतरी इथेच तोडायला सांगितली होती.

गुरुवारी पाच वाजता अनेकांत आला. चपला उंबऱ्यात सोडल्या, माठातून पाणी घेतलं.

"काकी, च्या टाका. आण्णा, शाल कुठल्या रंगाची आणू? तांबडी म्हणत्यात पोरं, तुमच्या बोटाला मॅचिंग."

बापूसोंनी रजिस्टर त्याच्यापुढे ठेवलं. "शेवटचं पान काढ."

त्यानं काढलं.

"दुसरी सही कुणाची?"

"माझी की."

"तारीख वाच."

"आठ जून, दोन हजार सतरा."

"एम.एस्सी. कवा झालास?"

"सोळाला."

"एक हजार त्र्याण्णव कवा शिकलास?"

अनेकांतनं फुलपात्र खाली ठेवलं. त्याचा आवाज झाला. बापूसोंनी तो आवाज ऐकला, जसा ते सगळेच आवाज ऐकत.

"आदिती बोलली व्हय," अनेकांत म्हणाला.

"मी इचारलं ते सांग."

"एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला." तो जमिनीकडे बघत होता. "आण्णा, तुम्ही तवा कसं झालतासा ते आठवा. खुर्चीतनं उठत नव्हता. काकी आमच्या घरात येऊन रडल्यात. मग हे सापडलं, तुम्ही जेवाय लागला, हसाय लागला. मी कुठल्या तोंडानं सांगू, आण्णा, पंधरा पायऱ्या पुढं खड्डा हाय म्हणून?"

"पडलो असतो. उठलो असतो."

"मला वाटलं—"

"आनि खड्डा सापडला म्हणून मी रडलो असतो असं वाटलं तुला? चौतीस वर्षं मी खोटच हुडकत आलो न्हवं रं? पंधरा पायऱ्या. पंधरा दिस. माझ्या हातानं सापडला असता तो नग. माझ्या हातानं." बापूसोंचा आवाज चढला नव्हता. "तू लॉट म्हणलास. दोन हजारांचा लॉट असतोय. ह्यो लॉट केवढा, हे मी इचारलं न्हाय. ती चूक माझी. तेवढी माझी."

राजमती दारात उभ्या होत्या. "म्हंजे माझ्यापायी लपवलंस?" त्या म्हणाल्या. "मी रडले म्हणून? मग पोरांस्नी कुणापायी सांगितलंस?"

अनेकांत फुलपात्राची कड बोटानं पुसत राहिला.

"नाव कधी घेतलं न्हाय मी," तो शेवटी म्हणाला. "निवृत्त कामगार एवढंच म्हणायचो. काकी, ती गोष्ट सांगितली की वर्ग जागा हुतो. शंभर उदाहरणं जुळली म्हणजे सिद्ध झालं न्हाय, हे पोरांना दुसऱ्या कशानं पटतच न्हाय. पुढं कवाच विसरत न्हाईत."

"म्हंजे मी नमुना," बापूसो म्हणाले.

"तसं न्हाय ओ आण्णा."

"पोरगी म्हणली, मी हसून सांगतो म्हणं सगळ्यांस्नी."

अनेकांतचे कान लाल झाले. मग त्यानं एकदम मान वर केली, जणू आता काहीतरी द्यायला सापडलं. "आण्णा, अशी संख्या लई दुर्मीळ असती. आजवर जगात दोनच सापडल्यात. दुसरी हाय—"

बापूसोंनी हात वर केला. तांबडं बोट त्याच्या तोंडासमोर आलं.

"सांगू नगंस."

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती. तीन-चार किका झाल्या. सुरू झाली, गेली.

"रविवारी येणार न्हवं?" अनेकांतनं हळू विचारलं.

"कार्ड छापलंय. हिचं नाव हाय त्यावर. येणार."

रविवारी सभागृह भरलं होतं. बापूसो पांढरा सदरा आणि टोपी घालून आले होते, काखेत रजिस्टर. राजमती पहिल्या रांगेत बसल्या. नारळ झाला, शाल झाली, तांबडीच होती. अनेकांतनं दहा मिनिटं ओळख करून दिली. कष्ट, जिद्द, मंगळवार पेठ. एक हजार त्र्याण्णवचा उल्लेख केला नाही. मागच्या बाकांवर पोरं एकमेकांना कोपर मारत होती.

बापूसो माईकसमोर उभे राहिले. त्यांनी रजिस्टर उघडून शेवटचं पान सभेकडे केलं.

"ह्यो नियम मी पास केला हुता. तो खोटा हाय. अकरा लाख चौऱ्याण्णव हजार सहाशे एकोणपन्नास ही खोटी संख्या, आनि तिला एक हजार त्र्याण्णवच्या वर्गानं भाग जातोय. मी मंगळवारी हातानं तपासलं. लॉट रिजेक्ट. ज्यांनी ज्यांनी इश्वास ठेवला त्यांची माफी मागतो."

त्यांना वाटलं होतं, सगळे गप्प होतील. निदान कुणी तरी आश्चर्यानं बघेल. हे तीन दिवस त्यांनी फक्त त्या शांततेची तयारी केली होती.

टाळ्या पडल्या. जोरात. शिट्टीही आली. मागून कुणीतरी ओरडलं, "वन झिरो नाइन थ्री!" आणि हशा झाला, प्रेमळ हशा. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. ते आपल्या आवडत्या गोष्टीचा शेवट खुद्द गोष्टीतल्या माणसाच्या तोंडून ऐकत होते. आदिती तेवढी मान खाली घालून बसली होती.

अनेकांतनं माईक घेतला. त्याचे डोळे खरोखर भरले होते. "मित्रांनो," तो म्हणाला, "यालाच म्हणतात शास्त्रीय दृष्टी. पुढच्या वर्षीपासून ही गोष्ट इथं संपेल."

बापूसो माईकपासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी हे ऐकलं. शालीचं एक टोक खांद्यावरून घसरलं, ते त्यांनी सावरलं नाही.

परतताना रिक्षात राजमती म्हणाल्या, "लई टाळ्या वाजवल्या."

"व्हय."

"हसली का ओ पोरं?"

"आनंद झाला त्यांस्नी."

रिक्षा बिंदू चौकातून वळली. राजमतींनी पिशवीतून कार्ड काढलं, स्वतःचं नाव एकदा वाचलं आणि कार्ड मधून दुमडून परत पिशवीत टाकलं. घरी आल्यावर बापूसोंनी तांबड्या रंगाची जुनी डबी शोधली. रंग वाळून दगड झाला होता. त्यांनी खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले, काडीनं घोटला, आणि शेवटच्या पानावर 'लॉट पास' या शब्दांवरून बोट ओढलं. रेघ दोन्ही सह्यांवरून गेली.

सोमवारपासून ते पुन्हा बसले. एक हजार नऊपासून, कागदावर, एकही न सोडता. दिवसाला पाच-सहा होऊ लागल्या. बुधवारी संध्याकाळी एक हजार त्र्याण्णव पुन्हा आली, पुन्हा बाकी एक, शेऱ्यात त्यांनी 'पास' लिहिलं. दुसरी संख्या कुठे आहे, त्यांना माहीत नव्हतं. आदितीनं मोबाइलवर एका झटक्यात सांगितलं असतं. एकदा ती येऊनही गेली, सही करू का म्हणाली. बापूसो म्हणाले, "न्हाय बाळ. तू तुझा अभ्यास कर." ती रडवेली झाली. त्यांनी तिला पोहे खायला लावले. दुसऱ्या सहीचा रकाना त्यांनी आखला होता. तो आखल्याशिवाय पान पान वाटत नाही. पण कुणालाही दिला नाही.

गुरुवारी पाच वाजता अनेकांत आला. उंबऱ्याबाहेर थांबला. चपला या वेळी जोडून ठेवल्या. बापूसो एक हजार एकशे सतराच्या सहाव्या पायरीवर होते. त्यांनी बाकी लिहिली, तिच्याखाली रेघ ओढली, पेन्सिल ठेवली आणि वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर अनेकांत पाया पडला असता, रडला असता, काहीतरी झालं असतं.

"या पावणं," बापूसो म्हणाले. "बसा."

अनेकांत तसाच उभा राहिला. मग खुर्चीच्या कडेवर बसला. माठ दोन हातांवर होता. तो उठला नाही.

आतून राजमती चहा घेऊन आल्या. कपबशीत. निळ्या फुलांची ती कपबशी काचेच्या कपाटातून फक्त परक्या माणसासाठी निघायची. त्यांनी ती त्याच्या समोरच्या स्टुलावर ठेवली आणि पदर सावरून विचारलं,

"साखर चालती न्हवं तुमास्नी?"